सहीत फक्त नाव

माझं नाव अजून माझंच आहे, आणि ते एका बचत खात्यामुळे राहिलं. असं सांगितलं की लोकांना वाटतं मी चेष्टा करतेय. मी चेष्टा करते, पण या बाबतीत नाही. ते नाव काय ते मात्र इथे लिहीत नाही, कारण ज्यांच्याबद्दल लिहितेय त्यांची ताकीद होती, की आपलं नाव आणि आपली सही गरज नसेल तिथे टाकत सुटू नये. तीन अक्षरी आहे, एवढं पुरे.

ते आमचे घरमालक. नाशिकला गंगापूर रोडच्या एका गल्लीत त्यांचं बैठं घर होतं आणि मागच्या दोन खोल्यांत ते कॉलेजच्या मुलींना भाड्याने ठेवत. आम्ही त्यांना काका म्हणायचो, त्यांच्या बायकोला काकू. काका बँकेतून नुकतेच निवृत्त झाले होते. चौतीस वर्षं नोकरी, आणि त्यातली बहुतेक एकाच टेबलावर, सह्या जुळवायच्या. तेव्हा प्रत्येक खातेदाराची नमुन्याची सही एका कार्डावर असायची. पैसे काढायची स्लिप आली की तिच्यावरची सही कार्डाशी ताडून बघायची, जुळली तर टिक करायची, मग रोखपाल पैसे देणार. काकांची टिक पडल्याशिवाय पैसा हलायचा नाही. निवृत्तीच्या दिवशी बँकेने त्यांना शाल आणि श्रीफळ दिलं, आणि भिंग त्यांनी मागून घेतलं.

माणसांचे चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत. रस्त्यात कुणी हात जोडून "ओळखलंत का?" विचारलं की ते कानकोंडे होत, मग म्हणत, "जरा सही करून दाखवता?" आणि तो माणूस हसत हसत तळहातावर बोटाने सही काढायला लागला की यांचा चेहरा उजळायचा. "अरे, तुम्ही होय. लांब शेपटीचा ळ." कुणी त्यांना सहीवरून स्वभाव सांगा म्हटलं तर मात्र ते चिडत. "सही भविष्य सांगत नाही. माणूस स्वतः आलाय की दुसरं कुणी आलंय, तेवढंच सांगते. तेवढं पुष्कळ झालं."

सत्त्याण्णव साली बारावी होऊन मी सटाण्याहून नाशिकला कॉलेजसाठी आले. माझे वडील, अण्णा, एका हातात माझी ट्रंक आणि दुसऱ्या हातात घरमालकांसाठी कांद्याची पिशवी घेऊन बरोबर आले होते. खोली बघायची, भाडं ठरवायचं, पोरीचं बँकेत एक खातं काढायचं आणि चारच्या एसटीने परत फिरायचं, असा त्यांचा बेत. काकांनी दार उघडलं, पाणी दिलं आणि भाड्याचं अवाक्षर न काढता जुन्या कॅलेंडरचं एक पान उलटं करून माझ्यापुढे ठेवलं. त्यावर पेन. पेनाचं टोपण स्वतःच्या खिशात.

"सही कर."

मी शाळेत शिकवली होती तशी केली. आधी कु., मग माझं नाव, मग अण्णांचं, मग आडनाव, सगळं एका ओळीत, आणि खाली पट्टीने ओढल्यासारखी रेघ. काकांनी भिंग काढलं.

"हे सुरुवातीला काय आहे?"

"कुमारी."

"किती दिवस?"

मला काही कळेना. अण्णांना कळलं असावं, कारण ते खाकरले.

"लग्न होईपर्यंत, बरोबर? मग खोड ते. जे कायम राहणार नाही ते सहीत घालायचं नाही."

मी खोडलं. भिंग शेवटच्या शब्दावर गेलं. "आडनाव. हेही जाईल." तेही खोडलं. मग भिंग मागे येऊन मधल्या शब्दावर थांबलं. तो शब्द समोरच्या खुर्चीत बसलेला होता.

"हेसुद्धा," काका म्हणाले. "तुमच्यावर राग नाही अण्णा. पण लग्नानंतर मधे नवरा येतो."

अण्णा चिडले की मराठी सोडून अहिराणीवर येत. "बापनं नाव नही, मंग कोन्ही पोर म्हनानी?"

"फॉर्मवर तुमचं नाव पूर्ण येणार. कोणाची मुलगी ते बँकेला तिथे कळेल. सही म्हणजे ती स्वतः आली आहे, एवढंच. त्यात तुमचं काय काम?"

अण्णांनी मग आपला दुसरा मुद्दा काढला. खातं दोघांच्या नावावर काढायचं, पैसे काढताना दोघांच्या सह्या लागतील असं लिहून द्यायचं, म्हणजे पोर शहरात बिघडणार नाही. काकांनी तो शांतपणे ऐकून घेतला. मग विचारलं, "हिच्या परीक्षेच्या फीचा शेवटचा दिवस, आणि त्याच दिवशी तुमच्या कांद्याचा लिलाव. तुम्ही सही करायला नाशिकला येणार, का मार्केटला थांबणार?"

अण्णा विचारात पडले. लिलावात ट्रॅक्टर सोडून जाणारा शेतकरी अजून जन्माला यायचा आहे.

"भरायला कोणीही चालतं," काका म्हणाले. "तुम्ही भरा, हिचा भाऊ भरू दे, वाटेवरचा माणूस भरू दे. भरायला सही लागत नाही. काढायला मात्र तीच लागते. तसंच ठेवा."

"हां, ते खरं शे," अण्णा म्हणाले. पण त्या खाडाखोडीचा सल गेला नाही. पुढे कितीतरी वर्षं ते काकांचा उल्लेख "तो खोडणारा" असाच करत. खोडणाऱ्याची तब्येत कशी आहे, खोडणाऱ्याला यंदा डाळिंबं नेऊन दे, वगैरे.

चारची एसटी चुकली. खातं त्या दिवशी निघालंच नाही, कारण काकांच्या मते बँक अशी उठून निवडायची नसते. "मुलगी द्यायची तर चार घरं बघता ना? मग पैसे द्यायचे तर तीन बँका बघायला काय होतं?" अण्णा सहाच्या गाडीने एकटे गेले, आणि दुसऱ्या दिवसापासून काका मला घेऊन बँका बघायला निघाले. शब्दशः बघायला. सकाळी अकराच्या सुमारास, गर्दी असताना, आम्ही एखाद्या बँकेत जायचो आणि बाकावर अर्धा तास नुसते बसायचो. काकू चिवड्याची पुडी बांधून द्यायच्या. शिपायाने काय काम आहे विचारलं तर काका सांगत, "काही नाही, स्थळ बघायला आलोय."

पहिली बँक मला फार आवडली होती. काचेचं दार, आत गारवा, टाय लावलेली माणसं. काकांनी भिंतीवरचा बोर्ड दाखवला. खात्यात कमीत कमी जेवढी शिल्लक ठेवायची होती तेवढ्यात माझा सहा महिन्यांचा डबा आला असता, आणि त्याच्या खाली गेलं की दंड. "हे स्थळ चांगलं आहे," काका म्हणाले, "पण हुंडा फार मागतायत." दुसरी बँक नवीन खातं काढलं की स्टीलचा डबा भेट देत होती. काका अर्धा तास बसले, एक माणूस एकाच कामासाठी तीन खिडक्यांवर फिरून आलेला त्यांनी मोजला, आणि उठले. डबा घरी आहे म्हणाले.

तिसरी बँक कॉलेजपासून चालत सात मिनिटांवर होती. पंखा कुरकुरत होता आणि भिंतीचा रंग उडालेला होता. मखमलाबादकडची एक फुलं विकणारी मावशी, टोपली दाराशी ठेवून, हातात चुरगळलेल्या नोटा घेऊन खिडकीशी उभी होती. तिला स्लिप भरता येत नव्हती. खिडकीतला कारकून उठून बाहेर आला, तिला बाकावर आमच्या शेजारी बसवलं, स्वतः स्लिप भरली आणि तिला मोठ्याने वाचून दाखवली. मग तिचा अंगठा घेतला. काकांनी चिवड्याची पुडी त्या दिवशी पहिल्यांदा उघडली. म्हणाले, "हे घर बरं आहे. इथे देऊ."

मी विचारलं, काका, तुमची स्वतःची बँक का नाही? चौतीस वर्षं तिथे काढलीत. ते म्हणाले, "तिथे मी गेलो की सगळे उभे राहतात. तुला खुर्ची मिळेल ती माझ्यामुळे मिळेल. ती बँक कशी आहे ते मला आता कधीच कळणार नाही."

बँक ठरली तरी खातं निघेना. आधी सही बसली पाहिजे. आठ दिवस, रोज शंभर, कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला. फक्त माझं नाव, तीन अक्षरं, शेवटच्या अक्षराला खाली छोटा हिसका. खोलीतल्या बाकीच्या मुली या शिक्षेतून आधीच गेलेल्या असल्यामुळे फार खूश होत्या. रोज संध्याकाळी काका पहिली आणि शंभरावी सही भिंगाखाली शेजारी शेजारी धरत. "या दोघी एकमेकींना ओळखत नाहीत," म्हणत आणि पान परत देत. आठव्या दिवशी बघून नुसतं "जुळते" म्हणाले. आयुष्यात मला पुढे बरेच शेरे मिळाले, पण त्या एका शब्दाने जेवढं बरं वाटलं तेवढं कशानेच वाटलं नाही.

दुसऱ्या वर्षी मला शिंगं फुटली. मैत्रिणी इंग्रजीत सह्या करायच्या, गोल गोल, वेटोळ्यांच्या. मीही एक बसवली. आणि एकदा बँकेत स्लिपवर सवयीने तीच ठोकून दिली. खिडकीतल्या त्याच भल्या कारकुनाने, जो आता मला नावाने ओळखत होता, स्लिप परत केली. लाल शाईत, सही जुळत नाही. मी तणतणत घरी आले. मला ओळखतात, रोज बघतात, आणि तरी पैसे देत नाहीत म्हणजे काय. काका ऐकता ऐकता खुलत गेले. त्यांनी फडताळातून पेढा काढून माझ्या हातावर ठेवला.

"बघ, बँक चांगली निवडली की नाही आपण? परत करते."

मग त्यांनी स्लिप हातात घेतली. ती लाल अक्षरं वाचली, पुन्हा वाचली. स्वयंपाकघरात काकूंनी कसलं तरी पातेलं जरा जोरातच खाली ठेवलं. काका स्लिप माझ्याकडे देऊन अंगणात गेले. मला वाटलं मी काहीतरी चुकीचं बोलले.

त्यांच्या आणखी दोन गोष्टी आम्हा मुलींना कळत नसत. एक म्हणजे ते कुणाच्याच लग्नाला जात नसत. पत्रिका आली की भिंगाने वाचत, आहेर पाठवत, काकूंना पाठवत, स्वतः घरी बसत. दुसरी म्हणजे दर वर्षी वैशाखात एक दिवस इस्त्रीचा शर्ट घालून ते एकटेच गावात, त्यांच्या जुन्या शाखेकडे जात आणि तासाभरात परत येत. विचारलं तर एकच शब्द, "भरणा." कसला ते नाही.

मी बी. कॉम. झाले, एका शाळेच्या कार्यालयात नोकरीला लागले, आणि दोन हजार चार साली माझं लग्न ठरलं. मुलगा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात, माणसं साधी. नाव बदलायचा विषय निघाला तो कुणी मला दुखवायला काढला नव्हता. त्यांच्याकडे पद्धतच होती. नणंदेने हौसेने नवीन नाव निवडलं होतं, चांगलं होतं, सिनेमातल्यासारखं. मला ते लग्नाच्या चार दिवस आधी कळलं. त्या चार दिवसांत मी कितीतरी भाषणं मनात तयार केली आणि एकही केलं नाही. आईजवळ रडले. आई म्हणाली, माझंही बदललं होतं, होते सवय.

लग्नानंतर संध्याकाळी मांडवातच लक्ष्मीपूजनाला बसलो. ताटात तांदूळ पसरलेले. नवऱ्याने अंगठीने त्यात नवीन नाव लिहायचं, मग ते सगळ्यांना सांगायचं. गुरुजी म्हणाले, "काय नाव ठेवलंय?" नवऱ्याने अंगठी तांदळात टेकवली. माझ्या तोंडून शब्द निघाले ते त्या भाषणांतले नव्हते.

"बँकेत सही जुळणार नाही," मी म्हणाले.

सासूबाईंनी सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी विचारलं, "म्हणजे?"

"माझ्या सहीत फक्त नाव आहे. दुसरं काहीच नाही. नाव बदललं तर सही बदलेल. पगार त्याच खात्यात येतो."

सासऱ्यांचा जन्म सरकारी कागदपत्रांत गेलेला. त्यांच्या चेहऱ्यावर खरीखुरी काळजी उमटली. "मग नको बाबा. ते लोक फार फिरवतात. ॲफिडेव्हिट, गॅझेट, काय काय." नणंद म्हणाली, "पण घरात म्हणायला तरी?" तेव्हा मांडवाच्या खांबाला टेकून उभे असलेले अण्णा बोलले. पोरीच्या सहीतून स्वतःचं नाव गेल्याचं ज्यांना सात वर्षं खुपत होतं, ते अण्णा.

"बँकनं काम शे ताई. त्यात खाडाखोड जमस नही."

नवऱ्याने माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "तीनच अक्षरं ना?" आणि माझंच नाव तांदळात लिहिलं. शेवटच्या अक्षराला हिसका दिला नाही, पण तो त्याला कुठून माहीत असणार.

माझ्याकडून काही धीटपणा झाला असं मी कधीच म्हणणार नाही. मी घाबरले होते आणि बँकेच्या मागे लपले. पण लपायला जागा होती, आणि ती एका म्हाताऱ्याने मी अठरा वर्षांची असताना करून ठेवली होती, माझ्याकडून आठशे सह्या करून घेऊन. आजही कुणी मला हाक मारली की मला त्यांची आठवण येते. याहून जास्त मी कुणाचं देणं लागते असं मला वाटत नाही.

पंधरा दिवसांनी मी पेढे घेऊन काकांकडे गेले. लग्नाला अर्थात काकू एकट्याच आल्या होत्या, आणि जेवून लवकर गेल्यामुळे त्यांनाही संध्याकाळची गोष्ट माहीत नव्हती. मी सगळं सांगितलं. काका ऐकत होते. हसतील असं वाटलं होतं, ते हसले नाहीत.

"तांदळात लिहिलं?"

"हो."

"पहिलंच?"

"पहिलंच."

ते उठले, दूध आणतो म्हणाले आणि पिशवी न घेताच बाहेर पडले. ओट्यावर दुधाचं पातेलं काठोकाठ भरलेलं मला दिसत होतं.

काकू मेथी निवडत होत्या. निवडता निवडताच त्यांनी सांगितलं, जणू शेजारच्या घरातली हकीकत.

"माझं माहेरचं नाव गोदावरी. पंचवटीत बालवाडीवर शिकवायचे मी, लग्नाआधी. पगारातलं थोडं थोडं यांच्या बँकेत टाकायचे. माझ्या सहीत री ची वेलांटी मी अशी मागे ओढायचे की ती थेट गो च्या मात्रेला जाऊन टेकायची. पोरकटपणा नुसता. पण यांनी ती सही बघून मला मागणी घातली. मला बघितलंसुद्धा नव्हतं. खरं सांगते."

"मग?"

"मग काय. लग्नात अंगठी घेऊन बसले आणि झोकात नाव लिहिलं, नलिनी. यांचं अक्षर मोत्यासारखं, सगळे वाहवा करायला लागले. गोदावरी म्हणे जुनाट वाटतं. चार महिन्यांनी मला शिलाई मशीन घ्यायचं होतं, म्हणून गेले बँकेत पैसे काढायला. आता मी नलिनी, म्हणून सही केली नलिनी. स्लिप आत गेली आणि परत आली. लाल शाईत लिहिलेलं, सही जुळत नाही."

"काकांनी?"

"दुसरं कोण होतं त्या टेबलावर? वर बघितलंसुद्धा नाही. नियम तो नियम. घरी आल्यावर म्हणाले, अर्ज करू, दोन साक्षीदार आणू, नाव बदलून घेऊ खात्यावर. मी म्हटलं, असू दे. ज्या बाईचे पैसे आहेत ती येईल तेव्हा घेईल." त्यांनी मेथीची एक जुडी संपवून दुसरी सोडली. "नलिनी वाईट नाही गं. अडतीस वर्षं वापरलं की बसतं पायाला, चपलेसारखं. पण मी पुन्हा त्या बँकेत गेले नाही. आणि ते लग्नाला जात नाहीत कुणाच्या. तांदळाचं ताट बघवत नाही म्हणतात."

"खातं बंद पडलं असेल."

"पडेल कसं? दर वर्षी आमच्या लग्नाच्या तारखेला अकरा रुपये भरून येतात. गोदावरीच्या नावाने. भरायला सही लागत नाही ना."

मग मी उठून भिंतीवरचं गेल्या वर्षीचं कॅलेंडर काढलं, एक पान फाडलं, उलटं केलं आणि मेथीच्या ढिगाशेजारी ठेवलं. पेन ठेवलं. टोपण माझ्याकडे.

"सही करा, काकू."

त्या हसल्या, वेडी आहेस म्हणाल्या, हात पदराला पुसले आणि पेन धरलं. गो जमला. द चुकला. वेलांटी मागे जायला तयारच होईना. काका दुधाशिवाय परत आले तेव्हा कागदावर सात गोदावऱ्या झाल्या होत्या. त्यांनी कागद पाहिला. फडताळातून भिंग काढून आमच्यामध्ये ठेवलं आणि आतल्या खोलीत गेले.

आठ दिवस मी शाळा सुटली की तिथे जात होते. एकलहऱ्याला पोचायला उशीर व्हायचा. सासूबाईंना मी कारण सांगितलं, तर त्या म्हणाल्या, पूर्ण करून ये. आठव्या दिवशी पहिली आणि शंभरावी सही मीच भिंगाखाली धरली. मला काय कळतंय त्यातलं, पण मी "जुळते" म्हणाले.

नवव्या दिवशी आम्ही तिघं जुन्या शाखेत गेलो. काकांना बघून दोघंतिघं उभे राहिले, काकांनी त्यांना हाताने खाली बसवलं आणि स्वतः दूर बाकावर जाऊन बसले. काकूंनी स्लिपवर सही केली. खिडकीत एक तरुण मुलगी होती. तिने कपाट उघडलं, बराच वेळ शोधलं आणि म्हणाली, "काकू, इतकं जुनं कार्ड सापडत नाहीये."

"डावीकडून तिसरा खण," बाकावरून आवाज आला. "मागच्या बाजूला. आडवं ठेवलंय."

कार्ड निघालं. कडा पिवळ्या पडलेल्या. मुलीने ते स्लिपशेजारी धरलं. मी काकांकडे पाहिलं, ते छपराकडे बघत होते. मुलगी म्हणाली, "द जरासा हललाय. पण ही वेलांटी दुसरं कोण काढणार?" आणि टिक केली.

काकूंनी अकरा रुपये काढले. मशीनचं काय, मी विचारलं. म्हणाल्या, आता डोळ्यांनी सुई दिसते का? यायचं होतं, आले. पैसे त्यांनी रुमालात बांधले, पासबुक पिशवीत टाकलं आणि बाकावर बसलेल्या नवऱ्याकडे न बघता दाराकडे चालायला लागल्या.

बाहेर दुपारचं ऊन होतं. मी रिक्षा बघत होते. काका पायरीवर थांबले होते, काकू चार पावलं पुढे गेल्या होत्या. काकांनी घसा साफ केला आणि हाक मारली, "गोदावरी."

काकू चालतच राहिल्या. आणखी दोन पावलं गेल्या आणि मग थांबल्या. मागे वळून त्यांनी काकांकडे पाहिलं.

"मला म्हणालात?"

"तुलाच," काका म्हणाले. "सही जुळली ना."